सयाजीच्या दारातले बाकडे

मित्रांनो, मी एक जुने बाभळीचे बाकडे आहे. माझा मागचा डावा पाय पाहून हसू नका. बाकीच्या तिघांपेक्षा तो वयाने लहान आहे, आणि ते कसे झाले तेच मी सांगणार आहे.

कोरेगावजवळच्या एका खेड्यात कोंडीबा सुताराने मला घडवले. सयाजीच्या दारात, उघड्यावर माझी जागा. वाळवीला लाकूड म्हणजे पुरणपोळी, म्हणून सयाजीने माझ्या पायांखाली चपटे दगड ठेवले. दर वैशाखात तो मला करंजाचे तेल चोळी. त्या कडू वासाने मी नाक मुरडत असे, पण किडा जवळ फिरकत नसे.

१९४१ साली सयाजी पलटणीत भरती झाला आणि लढाईवर गेला. पुढच्या वैशाखात शेजारचे आकाराम मला तेल लावायला आले, तर सयाजीच्या आईने, अंबूबाईने, त्यांना अडवले.

"ऱ्हाऊ द्या. त्येचं काम हाय, त्योच येऊन करंल."

त्या कामाला दुसऱ्याचा हात लागला तर लेक परतणार नाही, असे बिचारीच्या मनाने घेतले होते. तेलाचे मडके कोनाड्यातच राहिले. माया मात्र तिने माझ्यावर उदंड केली. दर सोमवारी अंगण सारवताना ती माझ्या पायांभोवती शेणमातीचा जाड हात फिरवी. थरावर थर चढले, दगड त्यांखाली गडप झाले आणि वाळवीला आयती वाट मिळाली. मी वरून धडधाकट, आतून भुसा. सयाजी येऊन बसेपर्यंत उभे राहायचे, एवढीच माझी धडपड होती.

पाचव्या वर्षी तो रजेवर आला. बसला मात्र, माझा पाय मोडला आणि आम्ही दोघेही आडवे झालो. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. अंबूबाई तर अपशकून झाला म्हणून रडू लागली. सयाजीने तो पोकळ पाय उचलून पाहिला.

"आये, तू माझी वाट बघितलीस. पर ह्येला कशाला वाट बघाय लावलीस?"

कोंडीबाने नवा पाय बसवला, सयाजीने माती खरवडून दगड वर काढले. तेल मात्र अंबूबाईने स्वतः चोळले. रजा संपवून सयाजी पुन्हा पलटणीत गेला, तरी वैशाख लागला की ती पदर खोचून मडके घेऊन येते.

मित्रांनो, दूर गेलेल्या माणसाची वाट जरूर पाहा. पण त्याचे काम राखून ठेवू नका, करून ठेवा. म्हणजे तो दारात आला की त्याला टेकायला जागा असते.