दोन चंद्रांचं आभाळ

"कोण आलंय गं?"

"इरुळप्पन अण्णा आलेत, अप्पा. चेन्नईहून."

"सांग त्याला, अप्पा वारले म्हणून."

मास्तरांच्या लेकीनं, सेल्वराणीनं, पदरात हसू दाबलं. उंबऱ्याबाहेर केळ्यांचा फणा घेऊन उभा असलेला इरुळप्पन मात्र हसला नाही. चोपन्न वर्षांचा बाप्या, डोक्यावर काळा केस शोधून सापडायचा नाही. पण मास्तरांचा आवाज कानावर पडला आणि त्याचा हात आपसूक शर्टाची वरची गुंडी लावायला गेला. नऊ वर्षांनी तो या दारात उभा होता.

वेलायुधम मास्तर म्हणजे एके काळी मदुरैत दबदबा. थिएटरांवर चढणारी चाळीस-चाळीस फुटी बॅनरं त्यांच्या हातची. नट लोक स्वतः यायचे, मास्तर, नाक जरा सरळ काढा म्हणून विनवायचे. इरुळप्पन त्यांच्या हाताखाली बावीस वर्षं राबला. मग छापील फ्लेक्स आला आणि सगळ्यांच्याच पोटावर पाय आला. कुणी रिक्षा धरली, कुणी घरांच्या भिंती रंगवू लागला. इरुळप्पन चेन्नईला गेला, मिसरूड न फुटलेल्या पोरांच्या मांडीला मांडी लावून कॉम्प्युटर शिकला आणि सिनेमातली आभाळं, डोंगर, समुद्र रंगवू लागला. मास्तरांना कळलं तेव्हा त्यांचा निरोप आला: "ज्या यंत्रानं आपलं दुकान बुडवलं त्याचीच चाकरी धरलीस. आता मला तोंड दाखवू नकोस." इरुळप्पननं नाही दाखवलं.

आज मात्र त्याला राहवलं नाही. 'इरट्टै निला', म्हणजे 'जुळे चंद्र', हा सिनेमा शुक्रवारी लागला होता. दोन चंद्र असलेल्या परक्या ग्रहाची गोष्ट. तीन वर्षं खपून त्या ग्रहाचं सगळं आभाळ इरुळप्पननं रंगवलं होतं. पेपरवाल्यांनी एका ओळीत निकाल लावला: चित्रं झकास, गोष्ट भकास. खोटं कशाला बोला, होतंही तसंच. मदुरैत आज दुपारचा खेळ शेवटचा होता. एवढं मोठं आभाळ मास्तरांनी एकदा, फक्त एकदा बघावं आणि हे आपल्याच हातचं काम आहे असं म्हणावं, एवढीच त्याची आस होती.

"मास्तर, शिव्या घाला," तो दारातूनच म्हणाला, "पण बघून घाला."

"यंत्रानं काढलेलं काय बघायचं? मी काय रिकामटेकडा आहे?"

मास्तर रिकामटेकडेच होते, पण हे कोण बोलणार? सेल्वराणी बापाला पुरती ओळखून होती. ती सहज बोलल्यासारखं बोलली, "जाऊ दे अण्णा, नका आग्रह करू. सगळे म्हणतात, फार भिकार सिनेमा आहे."

आत खाट करकरली.

"भिकार आहे?" मास्तरांचा आवाज एकदम तरतरीत झाला. "अगदी भिकार? माझा सदरा दे गं."

थिएटरात जेमतेम तीस माणसं होती. पडद्यावर नायकाच्या नळकांड्यात दोन मिनिटांची हवा उरली होती आणि तो दहा मिनिटं आईच्या मायेवर भाषण देत होता. "अरे, मर की आता एकदाचा!" मागून कुणीतरी ओरडलं. मास्तर मांडीवर थाप मारून हसले. पुढे नायिकेनं ग्रहावरच्या राक्षसाला कुटुंबाचं महत्त्व पटवून दिलं आणि राक्षस रडला, तेव्हा तर त्यांना ठसका लागला. "वा रे पठ्ठ्या! यासाठी ब्रश टाकलास होय?" इरुळप्पनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात दाखवून अवलक्षण करून घेतलं, दुसरं काय!

मग यान उडालं आणि नशिबानं पडद्यावरचे सगळे गप्प झाले. ढग फाकले. तांबडं, जांभळं, मैलोगणती आभाळ पडदाभर पसरलं आणि त्यात दोन चंद्र उगवले.

मास्तर उठले आणि भराभरा मागे चालू लागले.

संपलं, इरुळप्पनला वाटलं. तोही धडपडत मागे गेला. पण मास्तर दाराकडे गेलेच नाहीत. शेवटच्या रांगेमागच्या भिंतीला पाठ लावून ते उभे राहिले आणि त्यांनी डोळे बारीक केले. ते पाहून इरुळप्पन होता तिथेच थबकला. बॅनर जवळून म्हणजे नुसते रंगाचे फराटे. रंगवणाऱ्यालाही काही कळत नाही. बॅनर वर चढलं की मास्तर रस्ता ओलांडून पलीकडे जायचे आणि असेच डोळे बारीक करून बघायचे. कामाचा निवाडा तिथून व्हायचा. फालतू कामासाठी मास्तरांनी कधी रस्ता ओलांडला नव्हता.

"तांबड्या ढगाच्या पोटात हिरवा कुणी घातला?"

"मीच."

"कशाला?"

"तुम्हीच शिकवलंत की. गुलाबी गालाखाली हिरवी सावली नसली तर चेहरा लांबून मढ्यासारखा दिसतो."

"ते यंत्राला कसं कळलं?"

"यंत्राला कुठलं कळतंय, मास्तर? हात माझाच आहे."

मास्तरांनी डोळे आणखी बारीक केले. पडद्यावर नायकानं पुन्हा तोंड उघडलं. "ए, गप की रे जरा!" मास्तर त्याच्यावर खेकसले. "बघू दे!"

आभाळ सरेपर्यंत ते तसेच उभे होते. मग त्यांनी इरुळप्पनच्या टाळक्यात एक टपली हाणली. "उजवा चंद्र खाली घसरलाय. सगळं चित्र एका अंगाला कलतं. बावीस वर्षं काय दगड शिकवला तुला?"

"चुकलं, मास्तर," इरुळप्पन म्हणाला. नऊ वर्षांत एवढं बरं त्याला कधी वाटलं नव्हतं. अंधार होता म्हणून डोळे पुसता आले.

खेळ सुटल्यावर दोघं समोरच्या चहाच्या दुकानावर आले. "पुढचं काम कधी?" मास्तरांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. समुद्राच्या तळाचं गाव आहे."

"गोष्ट बरी आहे का?"

"याहून वाईट."

"मग तळ तरी नीट काढ. आणि आधी मला आणून दाखव. चढवून झाल्यावर नको."

दुकानदारानं दोन पेले पुढे सरकवले. "हे कोण म्हणायचे, मास्तर? नवीन दिसतात."

"नवीन कसला? माझ्या हाताखालचा पोरगा आहे," मास्तर म्हणाले. "आभाळं रंगवतो."

चोपन्न वर्षांचा तो पोरगा मान खाली घालून चहावर फुंकर मारत राहिला.