वाकणारं हाड

"वाकलं! वाकलं!" मैदानातली गर्दी ओरडली.

मंचावरच्या चमत्कारी बाबांनी आधी कोंबडीचं एक हाड कटकन मोडून दाखवलं होतं. मग 'सिद्ध पाण्या'च्या बरणीतून दुसरं काढून त्याची दोन्ही टोकं जुळवली.

"मोडेल का आता? पाणी पोटात, पोलाद हाडात! पाठीत सुया खुपसणाऱ्यांपासून लांब राहा. नाव काय, तर भूल! भूल देतात नि भुलवतात!"

गर्दीतल्या एका गादीवाल्याने त्या पाण्याची बाटली घेतली, ते वाकणारं हाड कागदात गुंडाळलं आणि दवाखान्याकडे धाव ठोकली. बायकोचे दिवस भरलेले, आणि तिची हाडं जन्मापासून काचेची. शिंकेनं एकदा बरगडी गेली होती. आज पोटावर शस्त्रक्रिया करून बाळ काढायचं होतं, आणि संमतीचा कोरा कागद याच्या खिशात.

"अगं, ऑपरेशन नको. पाणी आणलंय."

"मग बाळ काय बाटलीतून येणार?"

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी हाड हुंगून त्याच्या नाकाशी धरलं. "कसला वास?"

"व्हिनेगरचा," तो चाचरला.

"आठवडाभर त्यात बुडवलं की हाडातला चुना विरघळतो. आता उभं धरून दाबा."

हाड अंगठ्याखाली लुळं पडलं. जन्मभर कापूस भरणाऱ्याला एवढं कळू नये? त्याची मान खाली गेली.

"यावर उभी राहू मी?" बायको म्हणाली. "अहो, सतरा वेळा मोडलेय. मला तरी विचारायचं!"

"पण पाठीत सुई..."

"धोका आहेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "कणा वाकडा आहे, म्हणून फोटो बघून जागा ठरवलीय. दंडाला पट्टा आवळला तर हाड मोडेल, म्हणून रक्तदाब मनगटातल्या नळीने मोजणार. पूर्ण बेशुद्ध करायचं तर घशात नळी घालताना मान आणि दात सांभाळावे लागतील, म्हणून तो शेवटचा उपाय. टेबल मात्र टणक आहे. उशा शिवाल?"

सुईला भ्यालेला माणूस सुई घेऊन जमिनीवर बसला. टाके सरळ पडत होते.

बायकोने कागद ओढून घेतला. "डॉक्टर, भूल तो बाबाही घालतो, तुम्हीही देता. मग फरक काय?"

"मी सांगून देते. आणि उतरेपर्यंत उशाशी बसते."

तिने सही केली.

संध्याकाळी बाळ रडलं. आईचं एकही हाड मोडलं नव्हतं. मैदानात मात्र हाडं वाकतच होती.

चमत्कार दिसला की टाळी वाजवण्याआधी हुंगा, दाबा, विचारा. आणि वेळेत विचारा. काही घरांत विचारायला उशीर झालेला असतो.