माउंटखालच्या तोफा

सुपेल्यात दौलतरावांच्या फ्रेमच्या दुकानात गल्ल्याच्या वर एक जुनं चित्र टांगलेलं होतं. दीडशे वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा विलायती साप्ताहिकातलं, बारीक रेघांनी कोरून छापलेलं. मैदानात पलटण ताठ उभी, आणि साहेब वाकून एका शिपायाच्या छातीला पदक लावतोय. दौलतरावांच्या सुनेला, कांताला, त्या वाकण्यात माया दिसायची. बाळाच्या झबल्याचा बंद बांधावा तसा तो वाकला होता.

आता तिचा नवरा प्रवीणही बस्तरच्या जंगलातून पदक घेऊन आला होता. पण आल्यापासून त्याने रांगत्या लेकीला, मोनाला, एकदाही उचललं नव्हतं. पोरीने हात पसरले की हा हात धुवायला उठायचा.

"सूनबाई, प्रवीणचा पदकाचा फोटो अन् हे चित्र एका मापात बसव," दौलतराव म्हणाले. "उद्या सत्काराले लोक येऊन राहिले. बाजूबाजूले लावू."

ते काच आणायला गेले. कांताने मोनाला खाली बसवलं, जुनी फ्रेम उलटी केली, खिळे उपटले. चित्राभोवतीचा पुठ्ठ्याचा माउंट उचलला आणि तिचा हात थबकला. माउंटखाली चित्र आणखी वीतभर होतं. तेच मैदान, तीच पलटण. तिच्यापुढे तोफा, आणि तोफांच्या तोंडाला पाठ लावून बांधलेली माणसं. एक तोफ नुकतीच उडालेली. धुरात एक हात होता, एक मुंडकं होतं, आणि मधे काहीच नव्हतं.

"झाकून कावून ठेवलं होतं हे?" मागून प्रवीणचा आवाज आला.

"मामाजीनं झाकलं असन. गिऱ्हाईक भेते."

तो चित्राकडे बघत राहिला. मग हळू आवाजात बोलू लागला.

"माह्या तुकडीतला शुभम सुरुंगावर पडला. त्याले मी रेनकोटात गोळा केला. पाय झाडावर लटकला होता, तो बांबूनं पाडला."

कांता त्याच्याजवळ सरकून बसली.

"मंग झाडीत त्या नक्षल्यांतला एक भेटला. पोटात गोळी. पाणी मांगून राहिला होता. मी बाटली उघडली, सोता प्यालो, अन् बंदुकीच्या दस्त्यानं त्याचं डोकं फोडलं. चेहरा राहिला नाई तवरिक. साहेबाले सांगतलं, मुठभेडीत, गोळीबारात मेला."

दौलतराव काच घेऊन दारात उभे होते. किती ऐकलं कुणास ठाऊक. त्यांनी काच टेबलावर ठेवली, माउंट उचलला आणि तोफांवर नीट बसवायला लागले.

"झालं ते झालं बेटा. उद्या हार घालून घे फक्त."

"बाबा, झाकू नका."

"लोक पाह्यतीन."

प्रवीणची मूठ काचेवर पडली. एकदा, मग पुन्हा, काचेचा चुरा होऊन टेबलाला रक्त लागेपर्यंत. तुकडे फरशीवर सांडले. मोना दचकली, रडली नाही. चमकणाऱ्या तुकड्यांकडे रांगत निघाली.

कांता उठेस्तोवर प्रवीणने झेप घेऊन पोरीला उचललं होतं. तिच्या पिवळ्या फ्रॉकवर त्याच्या पंजाचा लाल ठसा उमटला. तो पाहून प्रवीणने पोरीला अंगापासून लांब धरलं. "हिले घे," म्हणाला.

कांताने हात पुढे केले नाहीत.

"पकडून राहा," ती म्हणाली, आणि झाडू घेऊन त्याच्या पायाभोवतीची काच गोळा करू लागली.