पट्टीखाली राहिलेला गलका

मित्रांनो, मी एक जुना इंग्रजी-मराठी शब्दकोश आहे. एका दैनिकाच्या कचेरीत, भाषांतराच्या टेबलावर माझी उमेदीची वर्षे गेली. तिथे सगळे मला 'आजोबा' म्हणत. शब्द अडला की हाक यायची, "आजोबांना विचारा." मी फुगून जायचो.

मान होता, पण निगा नव्हती. माझ्यावर चहाचे कप ठेवत, पंखा लागला की कागदांवर मलाच दाबून ठेवत. एकदा घाईत माझे एक पान फाटले. मुद्रितशोधक काकांनी त्यावर खाकी कागदाची पट्टी चिकटवली. मायेनेच चिकटवली, पण खाली काय आहे ते वाचले नाही.

त्या पानावर 'रंपस' हा शब्द होता. पहिला अर्थ दंगा, मारामारी. दुसरा अर्थ गलका, गोंगाट. त्याखाली वापर दिला होता : मुलांच्या आरडाओरड्यालाही गमतीने म्हणतात, घरात मुलांना मनसोक्त खेळायला ठेवलेली खोली ती 'रंपस रूम'. पट्टीने पहिला अर्थ तेवढा उघडा ठेवला.

एका संध्याकाळी इंग्रजीतून चार ओळींची बातमी आली. वाचनालयाच्या बालविभागात काल 'रंपस' झाला. भाषांतर करणाऱ्या ताई अडल्या.

"ताई, पान थांबलंय," वृत्तसंपादक म्हणाले.

"आजोबा म्हणतात दंगा, मारामारी. पण सर, लहान मुलांच्या खोलीत?"

"हल्लीची पोरं पाहिली नाहीत वाटतं तुम्ही. दंगल करा, मथळ्यात बसतं."

मी उघडाच होतो. मला सगळे ठाऊक होते, पण शब्दकोशाला बोलता येत नाही.

सकाळी पहिल्या पानावर छापून आले, 'वाचनालयात मुलांची दंगल'. दुपारी बालविभाग सांभाळणाऱ्या मावशी कचेरीत आल्या. खुर्ची दिली तरी बसल्या नाहीत.

"खोलीला कुलूप घातलं हो वाचनालयाच्या समितीनं. आया विचारतात, कुणाचं डोकं फुटलं? काय सांगू? बाहुल्यांच्या खेळात वाघाची शेपटी तुटून उडाली आणि पोरं हसत तिच्यामागं धावली, एवढंच."

ताईंनी मला उघडले. ओल्या बोटाने पट्टी खरवडली आणि खालच्या ओळी मोठ्याने वाचल्या. काका चष्मा पुसत राहिले.

दुसऱ्या दिवशी खुलासा आला, आतल्या पानावर, बारीक टायपात. दंगल वाचणाऱ्यांपैकी किती जण तिथवर पोहोचले कोण जाणे. चूक घाईची की मथळ्याची, यावर कचेरीत बराच खल झाला. मला कुणी बोल लावला नाही, तेच मला जास्त बोचते. माझ्यात गलका आधी आणि दंगा मागे असता, तर पट्टीखाली दंगाच गेला असता.

ताई मला काखेत घेऊन समितीपुढे गेल्या. बरीच वादावादी झाल्यावर खोली उघडली, पण दारावर पाटी लागली : 'आवाज करू नये'. बाहुल्या कपाटात गेल्या. नवा कोश आल्यावर ताईंनी मला त्याच खोलीला भेट दिले.

आता मुले येतात आणि माझी पाने आवाज न करता उलटतात. एखादी मुलगी हसायला लागली की आधी दाराकडे बघते.

मित्रांनो, फाटलेले पान जरूर चिकटवा, पण खालचे वाचून. आणि या खोलीत आलात तर पाटीला घाबरून इतके गप्प बसू नका. मावशींना सांगून कपाट उघडायला लावा. वाघाला शेपटी नसली तरी चालेल.