उत्तराला लागेल तेवढा वेळ

जांबोटीच्या दस्तगीरला माती द्यायला पिरनवाडीहून आणि खडेबाजारातून पाहुणे सकाळच्या बसनं आले होते. दस्तगीर पहाटे झोपेतच गेला. असं मरण मिळावं म्हणून माणसं दुवा मागतात, असं जो तो त्याच्या बायकोला, जैतुनबीला, सांगत होता. तिलाही ते पटत होतं. नवऱ्याला यातना झाल्या नाहीत, याचं तिला समाधानच होतं. तिचा जीव अडकला होता तो पुढच्या गोष्टीत.

दस्तगीर बोलताना अडखळायचा, अगदी लहानपणापासून. म्हशींशी बोलताना त्याची जीभ कधी अडली नाही. नमाज तर तो पाण्यासारखा पढायचा. पण कुणी समोर उभं राहून काही विचारलं, की पहिल्याच अक्षराला गाडी रुतायची. मान वर जायची, डोळे मिटायचे. कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर जैतुनबी सांगायची. तलाठ्यानं नाव विचारलं तरी तीच सांगायची.

आणि आता त्याला जिथं न्यायचं होतं, तिथली सुरुवातच सवालांनी होते. माती देऊन माणसं परततात, त्यांच्या पावलांचा आवाज कबरीतल्याला ऐकू येतो. मग मुनकर आणि नकीर हे दोन फरिश्ते येतात, त्याला उठवून बसवतात आणि विचारतात, तुझा रब कोण, तुझा दीन-धर्म कोणता, तुझा नबी कोण? तिथं उत्तर द्यायला बायको नसते.

जनाजा उचलायच्या आधी तिनं दाराआडून मशिदीच्या हाफिजसाहेबांना हे विचारलं. ते मायेनं म्हणाले, "अम्मा, तिथं जीभ बोलत नाही, इमान बोलतं. दस्तगीरभाईंचं इमान कधी अडखळलं का?"

"न्हाय. पर कुणी घाई केली की त्यांस्नी लईच अडतंय हो, हाफिजसाब."

हाफिजसाहेब म्हणाले, "म्हणूनच दफन झाल्यावर लगेच पाठ फिरवू नये. एका सहाबींनी, पैगंबरांच्या सोबत्यानं, मरताना सांगून ठेवलंय, उंट कापून त्याचं मांस वाटायला जेवढा वेळ लागतो, तेवढं माझ्या कबरीपाशी थांबा. माणसं जवळ असली की धीर येतो, आणि जबाब सुचतो."

जैतुनबीनं धाकट्या दिराला, बाबालालला, बोलावलं. तो मान खाजवत म्हणाला, "थांबलो असतो, भाबी. पर दुपारची बस चुकली तर दुसरी एकदम उद्या सकाळी. सगळी कामाधंद्याची माणसं हायत."

त्याचंही खोटं नव्हतं. बाहेर कबरीवर घालायचे बांबू बांधत बसलेला भावकू मात्र सगळं ऐकत होता. भावकूचं आणि दस्तगीरचं शेत एका बांधाला. दस्तगीरचं वाक्य कधीही मध्येच पुरं न करणारा साऱ्या गावात हा एकटा.

"भावकूअण्णा, तुमी तरी थांबशिला न्हव?"

"उंट काय आमी बघितला न्हाय, वैनी," भावकू म्हणाला. "पर दस्तग्याला एक उत्तर द्यायला किती येळ लागतोय, ते मला पक्कं ठावं हाय."

जनाजा गेला. बायका घरीच राहिल्या. घरात मयत झालेलं, चूल पेटायची नव्हती, म्हणून भावकूची बायको गुणाबाई भात-आमटीची भांडी घेऊन आली आणि जैतुनबीजवळ बसली. दोघींचे कान कोपऱ्यावरच्या थांब्याकडं होते. बसचा हॉर्न वाजला. परत वाजला. मग गाडी पिरनवाडीकडं निघून गेल्याचा आवाज आला.

"गेले सगळे," जैतुनबी म्हणाली.

गुणाबाई उठून अंगणात जाऊन आली. "आक्का, थांब्यावर कुणी न्हवतंच गं. बस मोकळीच गेली."

ऊन कलल्यावर माणसं आली. हातापायांना तांबडी माती, सगळेच्या सगळे. बाबालाल उंबऱ्याबाहेर टेकला.

"आमी निघालो हुतो, भाबी. फाटकापतोर गेलतो. मागं बघतोय तर ह्यो भावकू कबरीपाशी मांडी घालून बसलेला. म्हटलं, चल की रं, बस यील. तर म्हणतोय, जावा तुमी, त्यो अजून पयल्या अक्षरावर असंल."

एक-दोघं हसले. बाबालालही हसला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"मग मी मागं फिरलो. मला बघून बाकीचे फिरले. हाफिजसाब दुवा मागत हुते, आमी आमीन म्हणत हुतो. हॉर्न वाजला तवा एक पोरगं चुळबुळलं, तर ह्यो त्याला म्हणतोय, गप रं, त्यो घाबरंल."

"न्हायतर काय," भावकू म्हणाला. "तीन सवाल हुते म्हनं. मी तिन्हीचा येळ धरला, आणि वर थोडा जास्तच. आता त्यानं दिलं असंल बघा उत्तर, वैनी. निवांत दिलं असंल."

"तुमी काय केलासा तितका येळ?"

"मला तुमची दुवा कुठं येतीया? बसलो. त्यो बोलायचा तवा बसायचो, तसाच."

जैतुनबीनं उंबऱ्याबाहेर पाहिलं. मातीनं भरलेले ते सगळे पाय तिला दिसत होते. यातल्या कितीजणांनी दस्तगीरला बोलताना पुरतं ऐकून घेतलं होतं कधी? पण आज सगळे त्याच्यासाठी थांबले होते, बस सोडून.

तिनं दुवेसाठी दोन्ही तळहात उघडले. सकाळपासून ती मागतच होती, याची जीभ सैल कर, याला एकटं पाडू नकोस. आता मागायचं काही आठवेना. "शुकर हाय, अल्ला," एवढंच ती म्हणाली, आणि हात तोंडावरून फिरवले.

मग गुणाबाईकडं वळली. "भात पुरंल का गं एवढ्या माणसांस्नी? रात्रीला इथंच ऱ्हाणार सगळी."

"पुरंल की. आनी न्हायच पुरला तर शेजारची पाच घरं हायत," गुणाबाई म्हणाली, आणि पानं मांडायला लागली.