पिवळी खूण

तक्त्यात दोनशे सहा ओळी होत्या, एकेका दवाखान्याची एक, आणि त्यांत एकच खूण पिवळी होती. हिरवी म्हणजे सुविधा कायमची चालू, लाल म्हणजे बंद. पिवळी फक्त सात दिवस टिकायची, मग आपोआप लाल व्हायची. नऊ वर्षं दर शुक्रवारी, सकाळच्या चहाआधी, कुणीतरी ती पुन्हा पिवळी करत होतं.

"कुलूपबाई, शेवटचा दिवस ना आज? आता तरी सोडा तो माउस," शेजारचा प्रोग्रामर म्हणाला.

"किल्ल्या सोपवते आणि सोडते."

प्रयोगशाळेचे रक्ततपासणीचे रिपोर्ट त्यांच्या कंपनीच्या वेबसाइटवरून दवाखान्यांना जात. तिथे कुणाला काय करता येईल, हे कुलूपबाईंच्या हाती होतं. शंका आली तर रिपोर्ट रोखून फेरतपासणी मागायचं बटण फक्त मोठ्या रुग्णालयांना होतं. आणि गावाबाहेरच्या एका लहानशा दवाखान्याला.

नऊ वर्षांपूर्वी त्यांनी दोन दवाखान्यांचे क्रमांक उलटसुलट भरले होते. त्यांतला एक हाच. तासाभरात तिथल्या नर्सचा फोन आला.

"मॅडम, रिपोर्टवर वय बहात्तर आहे. आमची बाई काल बाळंत झालीय! रक्ताची पिशवी हातात घेऊन उभी आहे मी. रक्तगट खरा धरू का?"

"नका धरू! क्रमांक माझ्याकडून उलटे पडलेत," कुलूपबाई म्हणाल्या.

"चुकतं हो माणसाचं. आधी दुरुस्त करा."

नर्सने तक्रार केली नाही. बाळंतीण वाचली. त्याच दिवशी बाईंनी तिच्या दवाखान्याला ते बटण उघडून दिलं, सात दिवसांसाठी. कायमचं द्यायचं तर साहेबांना कारण लिहून द्यावं लागे. ते कारण त्यांना लिहवलं नाही.

दुपारी तीच नर्स फोनवर होती.

"जाताय म्हणे! यंदा दोनदा कामी आलं हो ते बटण. फार उपकार झाले तुमचे."

"उलटं बोलताय, सिस्टर," बाई म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला आणि तक्त्याकडे पाहिलं.

पुढच्या शुक्रवारी ती खूण लाल होणार होती.

कुलूपबाई साहेबांच्या खोलीत गेल्या. आताच्या या साहेबांनी याच तक्त्यावर त्यांच्याकडून काम शिकलं होतं.

"या ताई, बसा. सही राहिली का कुठे?"

त्या उभ्याच राहिल्या.

"रिपोर्ट रोखायचं बटण सगळ्या लहान दवाखान्यांना द्या, कायमचं. आणि कारणाच्या रकान्यात लिहा, नऊ वर्षांपूर्वी एक बाळंतीण मरता मरता वाचली. चूक माझी होती."