चमकणाऱ्या मिरच्या

“तिला चार माणसांत बोलता येत नाही, म्हणून डबा घेऊन मी जाणार. आणि शाळा सोडलेल्या पोराने मध्ये तोंड घालायचं नाही.”

हे आमचे भावोजी. ताईचा नवरा, आणि ‘दहा मिनिटांत पौष्टिक’ नावाच्या चॅनेलचे मालक.

“बोलायला बोलावलंय कुठे? खायला मागितलंय,” मी म्हणालो. “आणि दुपारी तुम्ही जे बोललात तेवढं पुरे झालं.”

ताई गाजर किसत होती.

भावोजींच्या व्हिडिओत दिसतात ते ताईचे हात आणि ऐकू येतो तो यांचा आवाज. ‘बघा, किती सोपं आहे.’ सोपं असणारच. गाजर किसणार ताई, मक्याचे दाणे उकडणार ताई, ढोबळ्या मिरच्या पोखरणार ताई. हे फक्त लिंबू पिळतात, तेही बियांसकट.

भरलेल्या मिरच्यांची यांची खास पद्धत आहे. शिजल्यावर सारण खाली बसतं आणि मिरची कॅमेऱ्यात अर्धी रिकामी दिसते. म्हणून हे कच्च्या मिरचीत आधी टिश्यूपेपरचा बोळा कोंबतात, वर चमचाभर पनीर आणि मका थापतात, बाहेरून ब्रशने तेल फासतात. मिरची अशी चकाकते की वाटावं आत्ताच शोरूममधून आणलीय. खायच्या मिरच्या ताई वेगळ्या करते.

आज दुपारी जिमवाल्या बाई ताईच्या हातची चव बघायला आल्या होत्या. त्यांना जिममध्ये खाण्याचा काउंटर सुरू करायचाय आणि तो चालवायला माणूस हवंय. ताईला ते काम जिवापाड हवंय. आपला ओटा, आपला गॅस, आणि मागे कोणी कॅमेरा घेऊन उभं नाही.

मिरच्या आणायला ताई उठली, तर हे म्हणाले, “तू बस, मी आणतो.” एंट्री मारायची होती ना. खऱ्या मिरच्या गॅसवर, कढईत झाकणाखाली होत्या. ओट्यावर सकाळच्या शूटिंगचं ताट पडलेलं. यांनी ताट उचललं. स्वतःच्या हाताने बोळे कोंबलेल्या मिरच्या या माणसाला ओळखता आल्या नाहीत. का, तर त्या जास्त चमकत होत्या.

मी पाण्याचे ग्लास घेऊन बाहेर आलो तोवर बाईंनी घास घेतला होता. बाई चावत राहिल्या. बराच वेळ. मग त्यांनी दातांतून एक ओली पांढरी पट्टी ओढून काढली.

“हे काय आहे?”

“फायबर,” भावोजी म्हणाले.

पापणीसुद्धा लवली नाही त्यांची.

“मॅडम, ती शूटिंगची आहे. खायच्या मिरच्या आत आहेत,” म्हणत ताई धावली. आत कढईत कोळसा झाला होता. यांनी ताट उचललं, पण गॅस बंद करायचं डोक्यात आलं नाही.

बाई पर्स घेऊन उठल्या. दारात ताईला म्हणाल्या, “संध्याकाळची बॅच सुटेपर्यंत मी जिममध्ये आहे. केल्यात तर स्वतः घेऊन या. यांना आणू नका. उद्या मी दुसऱ्या एकीला बोलावलंय.”

उरलेल्या मिरच्या ताईने आता भरल्यात. मीठ अगदी शेवटी, नाहीतर सारणाला पाणी सुटतं. चमचाभर तेल, वर झाकण, मंद आच. त्या वाफेवर आहेत तोवर मी हे लिहितोय, स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून, म्हणजे भावोजींना आत शिरता येऊ नये.

“मी नुसता सोबत येतो,” ते आता माझ्या डोक्यावरून ताईला सांगतायत. “तो प्रेझेंटेशनचा भाग होता, एवढंच समजावतो.”

“काय समजावणार? टिश्यू पचायला हलका असतो म्हणून?”

“अरे, शेवटी ब्रँड माझा आहे.”

“ब्रँड बाईंच्या दातात अडकलाय, भावोजी.”

ताईला हसू फुटलं. तिने तोंड फिरवलं आणि मला म्हणाली, “सायकलमध्ये हवा आहे का बघ.”

हवा आहे. मघाशीच भरली. भावोजी बूट शोधतायत. ते वॉशिंग मशीनमध्ये आहेत, पण मला कोणी विचारलेलं नाही. ताईने डब्याला फडकं बांधलं, चपला घातल्या. डबलसीट जायचंय आणि पुढे चढ आहे. मला आता निघायला हवं.